काळ्या मातीतलं लाल औषध

वळवाची पहिली सर शिर्डी-राहात्याच्या पेरूबागांवर पडली की जो मृद्गंध सुटतो, तो बराचसा एका जिवाणूचा असतो. स्ट्रेप्टोमायसिस हे त्याचं नाव, आणि वासाचं रसायन जिओस्मिन. तंतूंनी पसरणाऱ्या या जिवाणूला आम्लधर्मी जमीन सहसा मानवत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीसारखी किंचित अल्कधर्मी माती मात्र चांगली मानवते.

कर्करोगावरची काही भरवशाची औषधं याच कुळाने दिली.

इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत १९५० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस सापडला. त्याने बनवलेलं लाल रंगाचं डॉनोरुबिसिन रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी ठरलं. पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन मिळालं. दोन्ही रेणूंत फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा, पण स्तनाच्या कर्करोगासह कितीतरी गाठींवर आज हेच दुसरं औषध दिलं जातं.

जिवाणू हे बनवतो तरी कशाला? मातीतलं अन्न संपत आलं की त्याचे काही तंतू स्वतःच विरघळतात आणि त्या पोषणावर बीजाणू तयार होतात. नेमक्या याच सुमारास तो अशी रसायनं सोडतो. शेजाऱ्यांनी ते अन्न पळवू नये म्हणून, असं मानलं जातं. कार्बनचे छोटे तुकडे एकेक करून जोडत विकरं लांब साखळी बनवतात, तिला दुमडून कडी घडवतात आणि शेवटी एक शर्करा चिकटवतात. तयार रेणू डीएनएच्या शिडीत पाचरीसारखा शिरतो आणि पेशीचं विभाजन थांबतं. जिवाणू स्वतः वाचतो, कारण त्याच्या पटलातले पंप हे विष सतत बाहेर फेकतात. माणसाच्या हृदयाला मात्र ते इजा करतं, म्हणून डॉक्टर रुग्णाच्या आयुष्यभराच्या मात्रेचा हिशोब ठेवतात.

महाराष्ट्राच्या मातीनेही औषध दिलेलं आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन शोधलं. ते बुरशीवरचं औषध, कर्करोगावरचं नव्हे. पण ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कारखान्यातल्या संशोधनाचं हे मोठं यश आज फारसं कुणाला आठवत नाही, ही खंत आहे.

शोधाला अजून भरपूर वाव आहे. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशी रसायनं बनवणारे वीसहून अधिक जनुकगट दिसले. त्यांतले बहुतेक प्रयोगशाळेत निद्रिस्त राहतात. उपासमार झाली किंवा शेजारी दुसरा जिवाणू वाढवला, की काही जागे होतात.