स्पॅनिश 'सब्जंक्टिव्ह' आणि मराठी विध्यर्थ

स्पॅनिश भाषेतील वर्तमानकालीन 'सब्जंक्टिव्ह' म्हणजे आपला विध्यर्थच, अशी समजूत मराठी विद्यार्थ्यांत सहज रूढ होते. ती कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

नियमित धातूंची रूपसिद्धी सोपी आहे. 'आर' अंती असलेल्या धातूंच्या प्रत्ययात 'ए' हा स्वर येतो. 'एर' व 'ईर' अंती असलेल्यांत 'आ' येतो. 'आब्लार' (बोलणे) याचे स्वार्थातील 'आब्ला' येथे 'आब्ले' होते. 'कोमेर' (खाणे) याचे 'कोमे' हे 'कोमा', आणि 'बिबीर' (राहणे) याचे 'बिबे' हे 'बिबा' होते. हा स्वरविनिमय लॅटिनचा वारसा होय. मराठी 'आवा' हा प्रत्यय मात्र संस्कृत 'तव्य'पासून आलेला आहे. म्हणूनच 'त्याने पोळी खावी' यात क्रियापद कर्मानुसार चालते. स्पॅनिश क्रियापद सदैव कर्त्याचे अनुसरण करते.

आता प्रयोग पाहू. 'किएरो के आब्लेस' याचे मराठी 'तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे' असे होते. येथे विध्यर्थ चपखल बसतो. परंतु 'क्वान्दो आब्लेस' म्हणजे 'तू बोलशील तेव्हा'. येथे आपण भविष्यकाळ योजतो. त्याच धर्तीवर 'क्वान्दो आब्लारास' असे भविष्यकाळी रूप लिहिणारा विद्यार्थी चुकतो. अंबरनाथच्या बुवापाड्याचे उदाहरण घेऊ. 'नो क्रेओ के बिबा एन बुवापाडा' म्हणजे 'तो बुवापाड्यात राहत असेल असे मला वाटत नाही'. 'मे आलेग्रो दे के बिबास एन बुवापाडा' म्हणजे 'तू बुवापाड्यात राहतोस याचा मला आनंद वाटतो'. या शेवटच्या वाक्यातील वास्तव्य निःसंशय खरे असते, तरी क्रियापद 'सब्जंक्टिव्ह'च आहे.

यावरून दिसते की, या रूपाचे बीज इच्छेत वा संशयात नसून अप्रतिपादनात आहे. वक्ता गौण वाक्यातील आशय स्वतः विधान म्हणून मांडत नाही. त्याचे प्रतिपादन असते ते आनंदाचे, इच्छेचे वा अविश्वासाचे.

एका भाषेची चौकट दुसरीवर बसविण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. 1640 साली गोव्यात रायतूर येथे छापलेले फादर स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत रचलेले आहे. आरंभी अशी चौकट उपयोगी पडते. तथापि तीत न मावणारे प्रयोगच भाषेची घडण उघड करतात. विद्यार्थ्यांनी म्हणून 'आवे' या एकाच रूपाशी सांगड न घालता, वक्ता कशाचे प्रतिपादन करीत आहे, हे प्रथम विचारावे.