शहरातील अंतर आणि प्रसूतीची वेळ

हैदराबादसारख्या महानगरात रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते, हा समज सर्वस्वी खरा नाही. निलोफर, सुलतान बाजार व पेटलाबुर्ज येथील शासकीय रुग्णालये जुन्या व मध्यवर्ती भागात आहेत. वस्ती मात्र दूरवर पसरली आहे.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या (२०१३) निकषानुसार सुमारे ५०,००० लोकवस्तीस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. तेथे गरोदर मातेची तपासणी होते, शस्त्रक्रिया होत नाही. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव तर दोन तासांच्या आतही मातेचा प्राण घेऊ शकतो. नकाशावरचे चार किलोमीटर सायंकाळच्या गर्दीत किती लांबतात, हे रिक्षात कळा सोसणाऱ्या मातेसच ठाऊक! त्यातून पहिल्या रुग्णालयाने पुढे धाडले, तर तोच प्रवास पुन्हा नव्याने.

थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ साली विलंबाचे तीन टप्पे दाखविले : निर्णय घेण्यास, पोहोचण्यास व उपचार मिळण्यास. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात जाणे, तेथून आवश्यक तेव्हा अन्यत्र हलविणे व घरी परतणे, ही वाहतूक विनामूल्य आहे. तथापि शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालय आठव्या महिन्यापूर्वीच निश्चित करावे. १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा, केवळ कर्त्या पुरुषास नव्हे.