बाहेर पडण्याची वाट

चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अभिमन्यूला ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु पैसा गुंतवताना, भागीदारी करताना किंवा कुणाला जामीन राहताना तिची आठवण किती जणांना होते? ‘यात मिळेल काय’ हे आपण विचारतो. ‘यातून निघायचे कसे’ हे विचारणे अशुभ मानतो.

शिवाजी महाराजांनी ते अशुभ मानले नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात त्यांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. पुढे मे १६६६ मध्ये ते आग्र्यास गेले व नजरकैदेत पडले. तेथील पेटाऱ्यांची गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. पण पेटारे हा शेवटचा डाव होता. त्याआधी परवाने मिळवून त्यांनी बरोबरची बरीच माणसे परत धाडली. आजाराचे निमित्त केले, पेटाऱ्यांच्या ये-जा करण्याची पहारेकऱ्यांना सवय होऊ दिली. १७ ऑगस्टला निसटल्यावर ते थेट दक्षिणेस न वळता उत्तरेस मथुरेकडे गेले. नऊ वर्षांच्या संभाजीराजांना तेथे मागे ठेवण्याइतके मन घट्ट केले. आणि १६७० साली सिंहगड व पुरंदर पुन्हा स्वराज्यात आले.

ओझे आधी हलके करणे आणि काय सोडायचे ते शांतपणी ठरवणे, हा यातला बोध संसारी माणसाच्याही उपयोगाचा आहे. ‘एवढे घातले, आता मागे कसे फिरायचे?’ असे म्हणून आपण बुडत्या धंद्यात आणखी पैसा ओततो. गेलेला पैसा गेलाच. प्रश्न उरतो तो राहिलेल्याचा.

प्रत्येक व्यवहाराचे दार निराळे असते. मुदतठेव व्याजाचे थोडे नुकसान सोसून मोडता येते. नवी विमापॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. जामीनकीचे मात्र तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज दिले गेल्यावर ‘मी आता जामीन नाही’ म्हणून सुटका होत नाही. तेथे बाहेरची वाट सही करण्यापूर्वीच असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहावे: किती तोटा सोसायचा, किती दिवस थांबायचे, काय सोडायचे. तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ द्यावा; कारण वेळ आली की आपण तो स्वतःहून उघडत नाही.