प्रवेश मिळाला, पुढे काय?

परीक्षा तोंडावर आल्या की मोबाइलवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. टी.वाय.बी.ए.च्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी उद्या सकाळी अकरा वाजता रायटर हवा, बारावी झालेला चालेल, अक्षर बरे असावे. खाली फोन नंबर. विद्यार्थ्याने वर्षभर अभ्यास केलेला असतो, पण आदल्या संध्याकाळी उजळणी सोडून तो अनोळखी लोकांना फोन लावत बसतो. होकार दिलेल्या मुलीला सकाळी ताप येतो, कुणाचा त्याच वेळी स्वतःचा पेपर निघतो. केंद्रावर पोहोचल्यावर रायटरचे ओळखपत्र, महाविद्यालयाचे पत्र, अपंगत्वाचा दाखला हे सगळे तपासून होईतो प्रश्नपत्रिका वाटून झालेली असते.

हे सगळे नियम नसल्यामुळे होते असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक, म्हणजे सगळे ज्याला रायटर म्हणतात तो, मागण्याचा हक्क स्पष्ट लिहिला होता. त्यांनुसार विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणू शकत होता किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागू शकत होता. तासाला किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत. संस्थांनी जिल्हा किंवा विभाग पातळीवर लेखनिकांची यादी तयार ठेवावी, हेही त्यात होते. अशी यादी तयार असती, तर आदल्या रात्रीच्या फोनाफोनीची वेळच आली नसती.

वैद्यकीय प्रवेशाच्या २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत हाच जादा वेळ एका विद्यार्थिनीला नाकारला गेला. तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता होती. तीन तासांच्या पेपरला तिला एक तास जास्त मिळायला हवा होता; इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. चूक परीक्षा यंत्रणेची होती हे न्यायालयाने मान्य केले, पण लाखो मुलांच्या परीक्षेत एकीची फेरपरीक्षा घेता येणार नाही, असेही सांगितले. नुकसान कसे भरून काढायचे ते ठरवायचे काम परीक्षा यंत्रणेकडेच सोपवले गेले. सतराअठरा वर्षांच्या मुलीने प्रवेशाच्या धामधुमीत एका तासासाठी दिल्लीपर्यंत झगडावे, हे कुठल्याही व्यवस्थेला शोभणारे नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक महत्त्वाचा निकाल आला होता. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या एका एमबीबीएस पदवीधराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. त्याच्या दाखल्यावर अपंगत्व अवघे ६ टक्के होते आणि सवलती ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात, असा सरकारी हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने तो हिशेब मोडीत काढला. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट ठीक. पण ज्याला खरोखर लिहिता येत नाही, त्याला लेखनिक देताना टक्के मोजायचे कारण नाही, असे न्यायालयाने बजावले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राला ४० टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या.

आकडे पाहिले की या लढायांचे मोल कळते. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी आणि त्यांत दिव्यांग ८८,७४८. हजारात दोन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूटही दिली. जागा कागदावर आहेत. त्या जागांपर्यंत येऊ शकणारी मुले दहावी-बारावीच्या आसपासच गळतात, आणि जी येतात त्यांतली बरीच अधेमधे सोडून जातात.

वैद्यकीय शिक्षणाचे दार तर सगळ्यांत जड. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने आधी त्यांना प्रवेश नाकारला होता. पाठपुरावा करून ते आत गेले, आणि पुढे टाटा रुग्णालयात देशातल्या पहिल्या यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणांपैकी एक त्यांच्या हातून झाले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. इतके लखलखीत उदाहरण मुंबईतच असताना, २०२४ मध्ये वाचा-भाषेच्या अक्षमतेमुळे प्रवेश अडलेल्या विद्यार्थ्याला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. दाखल्यावर ४० टक्क्यांहून जास्त अक्षमता, म्हणून अपात्र, एवढाच तेव्हाचा नियम. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाला वेगळा प्रश्न विचारायला लावला: हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का? मंडळाचे उत्तर आले, करू शकेल. मुलाला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. किती टक्के अपंग, यापेक्षा काय करता येते हे पाहा, ही त्या निकालाची दिशा. ती प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात पोहोचायला हवी.

प्रवेशानंतरची वाट सुकर करता येते, याचा दाखलाही मुंबईतच आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक्सआरसीव्हीसी हे संसाधन केंद्र सुरू झाले. समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः दृष्टिहीन असलेले सॅम तारापोरवाला यांनी ते घडवले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच महाविद्यालयातून राज्यशास्त्राच्या पदवीधर झाल्या. सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. पुढे जेएनयू, आणि संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘जॉज’ या सॉफ्टवेअरच्या साथीने लोकसेवा आयोगाची तयारी. पहिल्या यशानंतर रेल्वेच्या लेखा सेवेने दृष्टिहीनतेचे कारण देऊन त्यांना घेतले नाही. पुढच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक भरपूर झाले. त्यांना पुस्तक ऐकता आले, ही साधी गोष्टही तितकीच मोलाची होती.

कारण मराठी माध्यमातल्या मुलाला तेच नेमके मिळत नाही. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून घडवलेले ‘एनव्हीडीए’ हे वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते मराठीही बोलते. पण सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नोट्स जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर ‘भारतीय राज्यघटना’ असे स्वच्छ देवनागरी दिसते. आत मात्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे साठवलेली असतात. डोळस मुलगी ओळ वाचते, शेजारी इअरफोन लावून बसलेल्या मुलाला त्या ओळीच्या जागी नुसती इंग्रजी मुळाक्षरे ऐकू येतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही कितीतरी मराठी नोट्स आणि प्रश्नसंच जुन्याच फाँटमध्ये फिरतात, आणि झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो हा तर त्याहून बंद दरवाजा. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करायला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. शिक्षकाने मनावर घेतले की झाले.

कायद्याची आडकाठीही उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तक ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल रूपात आणायला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. त्याच आशयाचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारतच, आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. त्यात विद्यापीठांची मराठी संदर्भपुस्तके भरण्याचे काम मात्र कुणीतरी अंगावर घ्यायला हवे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण याहून बिकट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. दृष्टिहीन मुलगा निदान व्याख्यान ऐकतो; कर्णबधिर मुलगी फळ्याकडे वळलेल्या सरांची पाठ पाहते. तिरुअनंतपुरमच्या ‘निश’ संस्थेने २००८ मध्ये कर्णबधिरांसाठी स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केले, संगणकशास्त्र आणि ललित कलाही त्यांत आल्या. महाराष्ट्रात वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे आणि सांकेतिक भाषेचे दुभाषे घडवणारा पदविका अभ्यासक्रमही तिथे चालतो. घडलेल्या दुभाष्याला सामान्य महाविद्यालयाने वर्गात पगारावर उभे करणे, हा पुढचा टप्पा. तिथे गाडे अडले आहे.

महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेला सवलती देण्यातही हे राज्य फार आधी पुढे आले होते. आता महाविद्यालयांची पाळी. अशा विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीचा समान संधी कक्ष म्हणजे अनेक ठिकाणी एका प्राध्यापकाकडे दिलेला जादा कार्यभार आणि दारावरची पाटी. या कक्षाने निदान प्रवेश अर्ज तरी नव्याने लिहून घ्यावा. आज अर्जात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी विचारतात, कारण आरक्षणाला तेवढे पुरते. त्याच पानावर आणखी चार प्रश्न घालता येतील: नोट्स कोणत्या स्वरूपात हव्यात, लेखनिक लागेल का, दुभाषा लागेल का, जिना चढता येतो का. ती उत्तरे जूनमध्येच विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि परीक्षा विभाग यांच्या टेबलावर गेली, तर व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर लागेल आणि लेखनिकांची यादी पहिल्या सत्र परीक्षेआधी तयार असेल.