डुकराच्या खाद्याची किंमत कट्ट्यावर नसते, पोटात ठरते



गेल्या पंधरवड्यात रामदासपेठेच्या कार्यालयात वराहपालक सभासदांचा एकच प्रश्न फिरून फिरून आला. "शेंगदाणा ढेप ३६ रुपयांना मिळते, सोयाबीन डीओसी ४४ ला. दोन्हीत प्रोटीन सारखंच लिहिलंय. मग ढेपच घेऊ ना?" एकत्रित खरेदीची यादी करायची आहे, म्हणून उत्तर सगळ्यांना एकदमच देतो. संदेश लांब आहे. आता वेळ नसेल तर संध्याकाळी निवांत वाचा, पण यादी देण्याआधी नक्की वाचा.

*आधी प्रोटीन म्हणजे काय ते*

लॅब प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणते आणि रिपोर्टवर 'क्रूड प्रोटीन' म्हणून लिहिते. नायट्रोजन कुठून आला, हे त्या आकड्याला कळत नाही.

आता हिशोब बघा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे जवळपास २८७. तेल काढलेला तांदळाचा कोंडा, ज्याला आपण डीओआरबी म्हणतो, त्यात साधारण १५ टक्के प्रोटीन असतं. ९७ किलो कोंड्यात ३ किलो युरिया मिसळला की रिपोर्टवर २३ टक्के दिसतात. रिपोर्ट खोटा नसतो, माल खोटा असतो.

गाय-म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणू थोड्या युरियापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि ते जनावराला मिळतं. डुकराचं पोट आपल्यासारखं एकच. त्याला युरियाचा उपयोग शून्य. ते जास्त पाणी पितं, जास्त मुततं, आणि तुमचे पैसे गोठ्याच्या नालीतून वाहून जातात.

मागे एका सभासद दादांनी 'हाय प्रोटीन' म्हणून विकला जाणारा एक मिक्स कार्यालयात आणला होता. आम्ही घरगुती परीक्षा केली. ती तुम्हीही करू शकता. मूठभर कच्चं सोयाबीन मिक्सरमधून बारीक करा. संशय असलेल्या खाद्याचे दोन चमचे, सोयाबीन पिठाचा एक चमचा आणि थोडं कोमट पाणी एका बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासाने उघडून वास घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं एक द्रव्य असतं. युरिया असेल तर अमोनियाचा झणझणीत वास येतो, मुतारीसारखा. शेजारी दुसऱ्या बाटलीत साध्या मक्याच्या पिठाबरोबर हेच करा, म्हणजे फरक लगेच कळेल. त्या दिवशी बाटली उघडल्यावर कार्यालयाच्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

हीच परीक्षा उलटीही चालते. सोयाबीन नीट भाजलं गेलंय की नाही, हे बघायचं असेल तर त्याच्या पिठात चिमूटभर युरिया आणि पाणी घालून बाटली बंद करा. जोरात वास आला तर सोयाबीन कच्चं आहे. वास बराच कमी असेल किंवा नसेल तर भाजणी झाली. हे का बघायचं? कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं. घरचं सोयाबीन भाव पडला म्हणून तसंच भरडून घालणारे सभासद आपल्यात आहेत. लहान पिल्लं त्याने हगवणीला लागतात आणि वाढ थांबते. भाजून किंवा उकडून घाला. पण कोळसाही करू नका, जास्त जळलं तर त्यातलं लायसिन वाया जातं. (परीक्षेची बाटली नंतर फेकून द्या. युरियाचं पीठ खाद्यात जाऊ देऊ नका.)

*लायसिन: खरा भाव इथे ठरतो*

प्रोटीन ही एक वस्तू नाही. ते वेगवेगळ्या तुकड्यांचं बनलेलं असतं. शर्ट शिवायला कापड भरपूर आहे पण बाह्या एकच निघाली, तर शर्ट होत नाही आणि उरलेलं कापड चिंधी होतं. मका, कनकी, कोंडा अशा धान्यावरच्या खुराकात डुकराला सगळ्यात आधी कमी पडणारा तुकडा म्हणजे लायसिन. ते कमी पडलं की बाकीचं प्रोटीन मांस न बनता मुतावाटे जातं.

आता त्या ३६ आणि ४४ चा हिशोब. भाव उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले घालून बघा.

शेंगदाणा ढेपेत प्रोटीन ४४ टक्के धरा. ३६ भागिले ०.४४, म्हणजे एक किलो प्रोटीन सुमारे ८२ रुपयांना पडलं. सोयाबीन डीओसीत ४६ टक्के, ४४ भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ९६ रुपये. इथवर ढेप जिंकली.

पण एक किलो ढेपेत पचणारं लायसिन साधारण ११ ग्रॅम, आणि डीओसीत साधारण २४ ग्रॅम. मग १० ग्रॅम पचणारं लायसिन ढेपेतून ३३ रुपयांना पडतं आणि डीओसीतून १८ रुपयांना. जवळजवळ दुप्पट फरक. वरून ढेपेला बुरशीचा, म्हणजे अफलाटॉक्सिनचा धोका वेगळाच. हे विष डोळ्याला दिसत नाही आणि भाजल्याने पूर्ण जातही नाही. आपल्या यादीत मुख्य प्रोटीन डीओसीच राहील. शेंगदाणा ढेप थोडीशी, ताजी आणि खात्रीची मिळाली तरच.

वर 'पचणारं' हा शब्द मुद्दाम वापरला. संशोधन केंद्रात डुकराच्या लहान आतड्याच्या शेवटी एक छोटी नळी बसवून, तिथवर काय शोषलं गेलं ते मोजतात. शेणात काय आलं हे मोजून भागत नाही. मोठ्या आतड्यात जिवाणू प्रोटीन फस्त करतात, ते शेणात दिसत नाही आणि डुकरालाही मिळत नाही. नळीचं काम आपल्याला जमणार नाही, पण त्यातून तयार झालेले आकडे खाद्यतक्त्यांत असतात. यादी करताना आम्ही तेच वापरतो.

*सरकी ढेपेबद्दल स्पष्ट सांगतो*

विदर्भात सरकी ढेप घरोघरी आहे आणि म्हशीला ती चांगलीच आहे. डुकराला नको. एक तर त्यात टरफलाचा तंतू २० टक्क्यांच्या वर असतो, आणि वाढत्या डुकराच्या एकूण खाद्यात तंतू साधारण ६ ते ८ टक्क्यांच्या आत पाहिजे. दुसरं म्हणजे त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. जास्त दिवस खाल्लं तर डुकराच्या हृदयावर परिणाम होतो, धाप लागते, चांगलं दिसणारं जनावर अचानक मरतं. "थोडी घातली तर चालते ना?" असं विचारणारे भाऊ असतातच. किती थोडी, हे मोजायचं साधन आपल्याकडे नाही, म्हणून नकोच.

*पाण्याला भाव देऊ नका*

कळमन्यात मका घेताना ओलावा विचारा. १२ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटलमध्ये ८८ किलो कोरडा माल असतो, १८ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८२ किलो. पहिल्याचा भाव २२०० असेल तर दुसऱ्याची लायकी २०५० ची. शिवाय १८ टक्क्यांचा मका कट्ट्यात ठेवला की गरम होऊन बुरशी धरतो, तो तोटा वेगळा. मीटर नसेल तर दाताखाली दाणा धरा. कडकन फुटला तर ठीक, दबला तर ओला.

पाण्याचा सगळ्यात मोठा घोळ हॉटेलच्या खरकट्यात आहे. रामदासपेठ, धंतोली, सदरकडून टेम्पो भरून नेणारे सभासद म्हणतात की खाद्य फुकट आहे. फुकट नाही. खरकट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. २० किलोचा डबा नेला तर त्यात कोरडा माल ४ किलो. ५० किलोच्या डुकराला दिवसाला २ किलोच्या आसपास कोरडा खुराक लागतो, म्हणजे फक्त खरकट्यावर ठेवलं तर १० किलो खावं लागेल. तेवढं त्याच्या पोटात मावणं कठीण. डिझेल, मजुरी आणि उकळायचं जळण धरून कोरड्या किलोमागे किती पडले, ते एकदा कागदावर मांडा. काहींना तरीही परवडेल, जवळ राहणाऱ्यांना विशेषतः. पण भात-पोळीच्या खरकट्यात लायसिन कमी असतं, म्हणून सोबत थोडी डीओसी आणि खनिज मिश्रण लागेलच.

आणि उकळल्याशिवाय एक घमेलंही देऊ नका. २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा भारतात आढळला. त्यावर औषध नाही. खरकट्यात डुकराच्या मांसाचा कच्चा तुकडा असेल तर विषाणू त्यातून येऊ शकतो आणि अख्खा गोठा रिकामा होतो. किमान ९० अंशावर एक तास, सतत ढवळत. नुसती एक उकळी काढून भागत नाही. खरकट्यात मीठही भरपूर असतं. उन्हाळ्यात पाण्याची टाकी कोरडी पडली तर तेच मीठ मेंदूला लागतं, डुक्कर गोल फिरतं, झटके देतं. पाणी कधीच बंद पडू देऊ नका.

*कोंडा: स्वस्त पण लबाड*

मौदा, भंडारा, गोंदियाच्या राइस मिलमधलं पॉलिश हे आपल्या भागाचं भाग्य आहे. १२-१३ टक्के प्रोटीन आणि तेलामुळे ताकदही चांगली. पण त्यात भुसा मिसळायला काही लागत नाही. काचेच्या ग्लासात पाण्यावर चमचाभर टाका. वर खूप तरंगलं तर भुसा, तळाला करकर लागली तर माती. रिपोर्ट काढला असेल तर 'आम्लात न विरघळणारी राख' ही ओळ बघा, तीच रेती. आणि हे तेल लवकर खवट होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करू नका, मे महिन्यात तर आठवड्याचाच घ्या. तेल काढलेला कोंडा जास्त टिकतो, पण ताकद कमी आणि तंतू जास्त. तंतू पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून ४५ अंशांच्या उन्हात कोंडा वाढवला की डुक्कर खाणंच कमी करतं.

*शेवटचा रिपोर्ट डुक्कर देतं*

नवं खाद्य सगळ्या गोठ्याला एकदम लावू नका. सारख्या वजनाची चार-चार डुकरं दोन कप्प्यांत ठेवा. एकाला जुनं, एकाला नवं, चार आठवडे. खाद्य तोलून घाला. तराजू नसेल तर टेपने छातीचा घेर आणि कानामागून शेपटीपर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ४००, भागिले २.२, झाले अंदाजे किलो. घेर ३८ आणि लांबी ३६ असेल तर ५९ किलो.

समजा ३० रुपयांचं खाद्य ३.२ किलो खाऊन एक किलो वजन वाढलं. खर्च ९६ रुपये. २७ रुपयांचं खाद्य ३.८ किलो लागलं तर १०२ रुपये ६० पैसे. ६० किलो वाढीवर एका डुकरामागे ३९६ रुपये गेले, आणि कट्टा मात्र स्वस्त पडला होता.

*नमुना कसा द्यायचा*

एकत्रित खरेदीआधी आपण नमुने तपासून घेणार आहोत. तपासणीची चौकशी सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुपोषणशास्त्र विभागापासून सुरू करू. एकाच कट्ट्याच्या वरून मूठभर काढून आणू नका. निदान दहा कट्ट्यांच्या वरून, मधून, खालून मूठ-मूठ घ्या, ताडपत्रीवर नीट मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. त्यातला अर्धा कार्यालयात द्या, अर्धा घट्ट पिशवीत घरी ठेवा. दोन्ही पिशव्यांवर तारीख, मालाचं नाव, भाव आणि गावाचं नाव लिहा. दुकानाचं बिल सोबत आणा. बिल नसलेल्या मालाचा नमुना तपासून मिळेल, पण भांडता येणार नाही.