उंबरठ्याशी अंजीर

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील करजगी हे गाव मराठी व कन्नड या दोन भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. या भागात उंबरास कोणी ‘उंबर’ म्हणतो, कोणी ‘अत्ती’. अंजिरास कोणी ‘अंजीर’ म्हणतो, कोणी ‘अंजूर’. नावे दोन असली तरी ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, हे दोन्ही भाषिकांस ठाऊक असते. वड व पिंपळ हे त्यांचे थोरले भाऊ होत. या कुळाविषयी गावकऱ्यांच्या मनात आदर असतो, तशी एक धास्तीही असते. माळवदाच्या फटीत रुजलेला पिंपळ भिंत कशी दुभंगून टाकतो, हे ज्याने पाहिले आहे, तो अंजिराचे रोपही घराशेजारी लावताना दोनदा विचार करतो. ही धास्ती अगदीच निराधार नाही. अंजिराची मुळे ओलाव्याचा माग काढीत मोरीपर्यंत व विहिरीच्या बांधकामापर्यंत पोचतात. म्हणून ज्याचे अंगण चार हातांचे आहे, त्याने अंजीर कुंडीत लावावे, हेच उत्तम.

मात्र कुंडी घरात ठेवावयाची की घराबाहेर, या प्रश्नापाशी बहुतेकांचा हिशेब चुकतो. मोठ्या हौसेने रोप आणले जाते, बैठकीच्या खोलीत मांडले जाते, महिन्याभरात त्याची पाने पिवळी पडून गळतात आणि ‘आमच्या घराला झाड लाभत नाही’ असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते. दोष घराचा नसतो आणि झाडाचाही नसतो. दोष असतो तो उजेडाचा.

माणसाचा डोळा मोठा फसवा आहे. खोलीतील उजेड त्यास पुरेसा वाटतो, कारण अंधुक प्रकाशास तो चटकन सरावतो. झाडास अशी सवय होत नाही. उघड्यावरील उन्हाच्या मानाने खोलीच्या मध्यभागी पोचणारा उजेड शंभराव्या भागाइतकाही नसतो. रबराच्या झाडासारखे अंजिराचे काही आप्त दाट, ओलसर अरण्यातील असल्यामुळे असा मंद उजेड सहन करतात व दिवाणखान्याची शोभा वाढवितात. पण त्यांपासून खाण्याजोगे फळ मिळत नाही. फळ देणारे अंजीर कोरड्या, उघड्या, खडकाळ प्रदेशातले. त्यास रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवे. त्याहून कमी मिळाल्यास पाने येतील, फांद्या लांबतील, पण फळ धरणार नाही.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाचाही विचार केला पाहिजे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते. उन्हाळ्यात स्थिती पालटते. करजगीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो व या दोहोंच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत दुपारी ऊन शिरतच नाही. तात्पर्य, वर्षभर एकाच खिडकीच्या भरवशावर अंजीर वाढविता येणार नाही. त्याची खरी जागा म्हणजे पूर्वेची पडवी, उघडी गच्ची किंवा अंगणाचा कोपरा.

मग घराचा उपयोग काय? तो आहे आणि मोठा आहे. युरोपातील थंड देशांत अंजिराची झाडे लाकडी पिंपांत लावीत व हिवाळ्यात गारठ्यापासून वाचविण्यासाठी आत नेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई अंजिरांचा मोठा शौकीन होता. व्हर्साय येथे त्याचा बागवान ला कँतिनी याने सतराव्या शतकात अशी पिंपांतील अंजिरे वाढविली. आपल्याकडे गारठ्याची भीती नाही. येथे छपराची गरज लागते ती दोन कारणांनी: एक, एप्रिल-मेमधील दुपारच्या उन्हाचा ताप, आणि दुसरे, झाडास विश्रांती देण्यासाठी पावसाचा अडसर.

हे दुसरे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रात अंजिराचे नाव निघाले की पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका आठवतो. तेथील अंजिरास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील बागाईतदार दोन बहर जाणतात: खट्टा बहर व मीठा बहर. उन्हाळ्यात पिकणारा मीठा बहर गोडीस सरस. तो धरावयाचा तर पावसाळ्याच्या अखेरीस झाडास पाण्याचा ताण देतात, पाने गळू देतात व मग छाटणी करून पाणी सोडतात. शेतात पाऊस आपल्या हातात नसतो. कुंडी मात्र सप्टेंबरात पडवीत ओढून घेता येते. तेथे पाणी हळूहळू कमी करावे, तीन-चार आठवडे झाडास निजू द्यावे, ऑक्टोबरात फांद्यांचे शेंडे छाटावे व कुंडी पुन्हा उन्हात न्यावी. अंजिराचे फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरते. म्हणून छाटणीस भिऊ नये. सुमारे चार-पाच महिन्यांनी फळ पिकू लागते.

एकाच झाडास फळ कसे धरेल, अशीही शंका पुष्कळांना येते. ‘उंबराचे फूल’ असा वाक्प्रचार आपण क्वचित दिसणाऱ्या व्यक्तीविषयी योजतो. वास्तविक उंबरास फुले असतातच. ती फळ समजल्या जाणाऱ्या गोळ्याच्या आत लपलेली असतात. अंजिराचेही तसेच. काही जातींत या आतल्या फुलांचे परागण एक चिमुकली गांधीलमाशी करते. कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीची झाडे लावली गेली, परंतु 1899 मध्ये ही माशी तेथे नेऊन वसविली जाईपर्यंत फळे पिकण्यापूर्वीच गळत. आपल्या पुणेरी अंजिरास हिची गरज नाही. परागणावाचूनही त्याचे फळ पोसते, म्हणून एकटी कुंडीही फळ देते. याच कारणास्तव त्याचे बी पोकळ असते व उगवत नाही. सुक्या अंजिराचे बी कधी उगवते. पण ते रोप कसे निपजेल याचा नेम नसतो. यास्तव रोप फाट्यापासूनच करावे. बागेतील छाटणीच्या वेळी पेन्सिलीइतका जाड, वीतभर लांबीचा, तीन-चार डोळ्यांचा पक्व फाटा मागून आणावा व दोन डोळे मातीत जातील असा रोवावा.

या भागातील काळी माती जोंधळ्यास व तुरीस उत्तम, पण कुंडीस ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगून पाणी धरून बसते. वाळली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू अथवा विटांचा चुरा असे मिश्रण करावे. चुनखडीचा अंश अंजीर सहन करते. रोप प्रथम लहान कुंडीत व पुढे दीड फूट व्यासाच्या कुंडीत हलवावे. तळास भोके हवीतच. शहाबादी फरशी उन्हात तापते, यासाठी कुंडी विटांवर ठेवावी. ओल्या मातीसह अशी कुंडी साठ किलोंच्या आसपास भरते; ती माळवदाच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या आधाराने ठेवावी.

पाण्याचा प्रश्न या मुलखात सर्वांत नाजूक. उन्हाळ्यात मोठी कुंडी रोज पाणी मागते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्यासाठी राखून ठेवावे. साबणाचे वा मिठाचे पाणी घालू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. आठ दिवस उपाशी ठेवून एके दिवशी भरपूर पाणी दिले तर पिकत आलेली फळे फुटतात. पानांखाली तांबूस भुकटी दिसल्यास तो तांबेरा समजावा; अशी पाने तोडून नष्ट करावी व उरलेली पाने भिजवू नयेत. दर दोन-तीन वर्षांनी झाड उपसून कडेची मुळे छाटावी व माती पालटावी.

एक सावधगिरी मुलांच्या आयांनी विशेष लक्षात ठेवावी. अंजिराचा पांढरा चीक अंगास लागून त्यावर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. छाटणीनंतर हात लगेच साबणाने धुवावे.

फळ तोडण्याची घाई करू नये. आंब्यासारखे ते अढीत पिकत नाही. देठ लवून फळ खाली झुकले, मऊ झाले व तोडताना देठाशी चीक येईनासा झाला, म्हणजे ते तयार झाले. तोवर बुलबुल व खार यांपासून रक्षण करण्यास पातळ कापडाची पिशवी पुरे. तोडलेले अंजीर एक-दोन दिवसच टिकते. म्हणूनच ज्या गावापासून मोठी बाजारपेठ दूर आहे, तेथील घरास ताज्या अंजिराची चव द्यावयाची तर ही कुंडीच कामास येते.

अंजीर घराच्या आत सुखाने नांदत नाही व त्यास पूर्णपणे बाहेर सोडूनही भागत नाही. ऋतू पाहून जो त्यास उंबरठ्याच्या आत-बाहेर करील, हातचे चार तांबे पाणी त्याच्यासाठी वेगळे काढून ठेवील, त्याच्या पडवीत दोन-तीन वर्षांनी पहिले फळ पिकेल. ते घरातील सर्वांस मिळून एखादेच असेल. पण ते वाटून खाणाऱ्यांस बाजारातल्या टोपलीची आठवण होणार नाही.