निषेध महिन्याने, पुरावा पहिल्या रात्री

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची जातीयवाद्यांनी निर्घृण हत्या केली. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला दुर्लक्षच केले. ही बातमी समाजापर्यंत नेली ती आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी, एसएमएस आणि ई-मेलवरून. नोव्हेंबरात नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना त्यात नक्षलवादी दिसले! तपास सीबीआयकडे गेला तो या रेट्यामुळेच.

पण न्यायालयात काय झाले? २००८ साली आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी सुनावली गेली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकली नाहीत. बलात्काराचा आरोप तर ठेवलाच गेला नाही. शवविच्छेदनाच्या वेळी जो पुरावा घ्यायचा तो घेतला नाही, आणि महिन्याने निघालेला मोर्चा तो परत आणू शकत नव्हता.

चौदा वर्षांनी हाथरसमध्ये तेच घडले. १४ सप्टेंबर २०२० ला भगिनीवर हल्ला झाला. नमुने प्रयोगशाळेत पोहोचले अकरा दिवसांनी. देशभरचे विद्यार्थी मोबाईलवरून आणि रस्त्यावर पेटून उठले, तेही मुख्यतः तिच्या मृत्यूनंतर. २०२३ साली एकालाच शिक्षा झाली, बलात्कार सिद्ध झाला नाही.

म्हणून वसतिगृहातल्या आपल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. बातमी कळताच चौघे-पाच जण पोलीस ठाण्यात जा. हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. नाकारलीच तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. आरोपीला पीडितेची जात माहीत होती, हे वाक्य फिर्यादीत आलेच पाहिजे. २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने, गंभीर गुन्ह्यांत जातीच्या कारणावरूनच गुन्हा केला हे सिद्ध करण्याऐवजी जात माहीत असणे पुरेसे केले आहे. ही दुरुस्ती आमच्या कित्येक वकिलांनीही नीट वाचलेली नाही. तपास उपअधीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याकडे दिला असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या.

आणि पीडितेचा फोटो, नाव पुढे पाठवू नका. खैरलांजीच्या वेळी आपणही मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरवली. हेतू चांगला होता. पण बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, ती हयात नसली तरीही, आणि तो आपल्या कार्यकर्त्यावरही दाखल होऊ शकतो.